ओळ क्रमांक ९१७

कोर्टाचा आदेश शुक्रवारी पहाटे येतो,
सिनेमा लागायच्या आधी.
अडतीस पानं, स्कॅन करताना तिरकी झालेली,
त्यामुळे नावं उचलता येत नाहीत, हातानं टाईप करावी लागतात.
महापे, एमआयडीसी, दुसरा मजला, अठरा अंश.
बाहेर मे महिना. आत मी स्वेटर घालून
एकेका नावापुढे भिंत बांधतो.

अकराशे त्रेचाळीस भिंती. दुपारी दोनपर्यंत.

दोनला चहाला खाली उतरलो
तर गेटवर रामसजीवन तोच सिनेमा बघत होता,
मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून.
थिएटरातलं कुणीतरी उठून मुतायला चाललेलं,
त्याची सावली नायिकेच्या गालावरून गेली.
साइटचं नाव तेच, शेवटी फक्त एक आकडा वाढलेला.

मी चोरांच्या बाजूनं नाही, हे सांगून ठेवतो.
ऐरोलीत माझ्या खोलीवर राहायचा प्रणील सावे
चौदा महिने एका सिनेमातला समुद्र
लाट लाट करून कॉम्प्युटरवर बनवत होता.
सिनेमा तीन दिवस आधी फुटला.
कंपनीनं शटर ओढलं, दोन पगार आतच राहिले.
प्रणील आता पालघरला मेडिकलच्या गल्ल्यावर बसतो.
भिंत बांधताना माझा हात कधी थरथरला नाही.

ओळ क्रमांक ९१७ला थरथरला असंही नाही.
तिथे नाव नव्हतंच, नुसते आकडे,
तीन टिंबांनी तोडलेले.
त्या आकड्यांमागे स्वस्त भाड्याची एक चाळ होती म्हणा.
एका खोलीत चोर. बाकी दोनशे खोल्यांत
कुणाचं लोणचं, कुणाची पतपेढी,
आणि एकीत गोठिवलीच्या चांगुणाबाई मढवींचे धवळे.

मी चाळीचा जिनाच काढून नेला.

'चोर सोडून संन्याशाला सुळी',
वाक्यात उपयोग करा, असं सहावीत होतं.
मी काय वाक्य केलं होतं आठवत नाही.

बाई धवलारीण. सत्तर पार.
एकशे बारा धवळे, नातीनं मोबाइलवर धरलेले,
मध्येच कोंबडा, मध्येच खोकला,
मध्येच 'थांब गो, चुकला, फिरून घे.'
कागदावर कुठेच नाहीत.
आधी घशात होते, मग तिथे.

भिंत काढायला अर्ज लागतो. इंग्रजीत,
शपथपत्रासह, मालकी सिद्ध करून.
वाशीच्या वकिलानं विचारलं, गाणं कुणाचं?
'माजे आयशीचा.'
तिला कुणी दिलं?
'तिचे आयशीनी.'
वकिलानं पेनाला टोपण लावलं.

त्याच महिन्यात एका कंपनीनं हळदीचा रिमिक्स काढला.
खाली डीजे, वर बाईंचा आवाज, खोकला कापून,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: सर्व हक्क राखीव.
तर आता यादीत चोर म्हणून कुणी बसायचं
ते तुम्ही ठरवा. मी फक्त टाईप करतो.

रविवारी गोठिवलीला गेलो, कबुली द्यायला,
आणि वळसा घालून खोली कशी उघडायची ते दाखवायला.
नात हसली. कनिष्का, दहावीत.
तिनं ती पहिल्याच रात्री उघडली होती.
तिच्या वर्गात सगळ्यांना वळसा येतो.

मग अडलं कोण?

बाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या,
'करंज्याला माजी बहीन हाय. डोले गेलेत तिचे.
पोर रोज दुपारी माजा आवाज लावून द्यायचा.
आता लागत नाय.
ती इचारते, चांगुना बोलत का नाय,
माज्यावर रागावली का?'

मी सुकटीतले काटे काढत बसलो. सुकटीत काटे नसतात.

पुढच्या शुक्रवारी एक्केचाळीस पानं आली.
या वेळी भिंत घालण्याआधी
प्रत्येक आकड्याचं दार वाजवून बघत गेलो:
आत कोण आहे, आणखी कोण आहे.
दोन वाजले तेव्हा साठाव्या ओळीवर होतो.
टेबलावरचा फोन वाजायला लागला होता.